मधुमेही वृद्धांच्या डोळ्यांचा पडदा गावाजवळ तपासला जावा

महोदय,

साठीपुढच्या माणसाला अंधुक दिसू लागले की आमच्याकडे घरचे आणि शेजारचे एकच सांगतात, 'मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग काढू.' माझ्या आईचेही असेच झाले. ती ७२ वर्षांची असून चौदा वर्षांपासून तिला शुगर आहे. तुरीची डाळ निवडताना तिला खडे दिसेनात, ते बोटांनीच चाचपावे लागत. पुढे दाराची सरळ चौकट मधेच वाकलेली दिसू लागली. शिबिरात मोतीबिंदू 'अजून कच्चा आहे' असे सांगून तिला परत पाठवले आणि आम्ही आठ महिने वाट पाहिली. अखेर नागपूरला बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तपासल्यावर कळले की मोतीबिंदू नावापुरताच होता; साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या झिरपून पडद्याच्या मध्यभागी सूज आली होती.

मोतीबिंदू उशिरा काढला तरी बहुधा नजर येते, पडद्याची गेलेली नजर मात्र बरेचदा परत येत नाही, आणि हा आजार सुरुवातीला दुखत-खुपत नसल्याने रुग्णाला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणूनच मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी पडदा तपासावा, असे डॉक्टर सांगतात. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम आढळला होता, म्हणजे सहांत साधारण एक.

आता खर्चाविषयी. ही सूज उतरवण्यासाठी डोळ्यात द्यायचे इंजेक्शन औषधानुसार काही हजारांपासून त्याच्या कितीतरी पटींपर्यंत जाते, आणि ते एकदा देऊन भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला आणि पहिल्या वर्षात आठ-नऊ वेळाही लागू शकते. आयुष्मान योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांचे कवच आहे, याचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु बाह्यरुग्ण तपासण्या त्यात येत नाहीत आणि सोबतच्या माणसाच्या प्रवासाचा व बुडालेल्या मजुरीचा हिशेब तर त्यात नाहीच. दारव्हा तालुक्यातून पहाटेची एसटी धरून यवतमाळ, तिथून नागपूर, दिवसभर रांग आणि रात्री परत. थेंबांमुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यात वैशाखातले विदर्भाचे ऊन, अशा स्थितीत म्हातारे माणूस एकटे जाऊ शकत नाही, सोबतीला कोणीतरी लागतेच. आईला एसटीत निम्मे तिकीट लागते, मला पूर्ण, आणि माझी मजुरी त्या दिवशी बुडते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला मिळणारे १५०० रुपये याच फेऱ्यांत संपतात. चौथे इंजेक्शन ऐन कापूस वेचणीत आले. वेचायला माणसे मिळत नव्हती, पावसाचे ढग दिसत होते, म्हणून आम्ही ते पंधरा-वीस दिवस पुढे ढकलले, आणि पुढच्या तपासणीत सूज पुन्हा वाढलेली निघाली. त्याची टोचणी मला अजून आहे.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी हे वृद्ध दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात येतातच. त्याच दिवशी तिथे पडद्याचे छायाचित्र घेणारा कॅमेरा असावा, प्रशिक्षित कर्मचाऱ्याने छायाचित्र काढून जिल्ह्याच्या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे आणि ज्यांच्या पडद्यावर दोष दिसेल त्यांनाच पुढे बोलवावे. डोळ्यातील इंजेक्शन आणि लेसर उपचार प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी मिळावेत आणि सोबतच्या व्यक्तीला प्रवासखर्च द्यावा. हे होईपर्यंत निदान एवढे तरी व्हावे, की मोतीबिंदूच्या शिबिरात आलेल्या प्रत्येकाला 'शुगर आहे का' हे विचारले जावे, आणि असेल तर पडदा पाहिल्याशिवाय 'कच्चा आहे' म्हणून कोणालाही घरी पाठवू नये.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ