फुजीच्या मॉडेलमध्ये राख कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात जपानच्या फुजी ज्वालामुखीचे मॉडेल हमखास असते: मातीचा शंकू, आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल फेस. सोलापुरातही हेच चालते. त्यात फुजीची मुख्य ओळखच हरवते. राख, खडे आणि लाव्हा यांचे थर आलटूनपालटून बसले, म्हणून तो मिश्र ज्वालामुखी. १७०७ च्या डिसेंबरमधल्या, म्हणजे आजवरच्या शेवटच्या उद्रेकात तर लाव्हा वाहिलाच नाही. डोंगराच्या कुशीत नवे विवर फुटले, सुमारे दोन आठवडे राख उडाली आणि शंभरेक किलोमीटरवरच्या एदोत, आजच्या टोकियोत, पडली.

थरांचे मॉडेल अवघड नाही. उभ्या काचेला टेकवून अर्धा शंकू करावा, म्हणजे कापायची गरज नाही. कापला तर राख घसरतेच. चाळलेली कोरडी राख नरसाळ्यातून एकाच जागी सोडत राहा. खळ्यावर ज्वारीची रास लागते तसा तीसेक अंशांचा उतार आपोआप येतो. मग गेरू कालवलेला शाडूचा रबडा वरून एकाच बाजूने सोडा, कारण लाव्हाही असाच ओघळाने उतरतो. रबडा ताकासारखा पातळ झाला तर राखेत मुरतो, जाड बसला तर वाळताना तडकतो. दिवसभर वाळू द्या, पुन्हा राख. असे चार-पाच फेर पुरेत. शेवटी पाण्याचा फवारा मारा. उघड्या राखेत लगेच घळी पडतात, शाडूखालची टिकते. एवढा उंच शंकू पावसात उभा कसा राहतो, ते इथे डोळ्यांना दिसते.

फुजीची उंची ३,७७६ मीटर, पायथ्याचा व्यास त्याच्या दहापटीच्या आसपास. मॉडेल खऱ्यापेक्षा बरेच उभे दिसते, हे पाटीवर लिहावे.

‘आपला काळा पाषाणही अशाच डोंगरातून आला’ हे मात्र लिहू नये. फुजीचा खडकही बहुतांशी बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाणच, पण घडण वेगळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा पातळ लाव्हा जमिनीच्या लांब भेगांतून आला आणि आडवा पसरला. जिल्ह्यातल्या कुठल्याही खोल विहिरीच्या कडेला ते आडवे थर दिसतात: घट्ट पाषाण, त्यावर सच्छिद्र खडक, मध्येच कुठे तांबड्या मातीचा पट्टा. अशा विहिरीचा एक फोटो मॉडेलशेजारी लावला, तर दोन्हींतला फरक मुले स्वतःच सांगतील.

आपले,
भूगोलाचे काही शिक्षक, सोलापूर