दुर्बिणीचा आरसा आंधळा झालाय, हातभार लावा

मंडळी, राम राम. लांबण लागणार आहे पण शेवटपर्यंत वाचा, नेहमीसारखं अंगठा टाकून पुढं जाऊ नका.

आपल्या मंडळाची दुर्बीण सगळ्यांना माहीत आहेच. माहीत नसेल तर हिंगोली जिल्ह्यात राहून तुम्ही काय केलं असं विचारावं लागेल. 2009 साली, जागतिक खगोलशास्त्र वर्षात, गुरुजींनी दहावीची नऊ लेकरं गोळा करून सहा इंची आरसा घासायला घेतला. रिकाम्या ड्रमवर काच ठेवायची, तिच्यावर दुसरी काच, मधे कार्बोरंडमची पूड नि पाणी, आणि ड्रमभोवती गोल फिरत घासत राहायचं. अडीच महिने. खर्रर्र आवाजानं गल्लीवाले वैतागले होते. नळी म्हणजे बोअरचा सात इंची केसिंग पाइप, तो बोअरवाल्या मामांनी फुकट दिला आणि वर म्हणाले की आजपर्यंत खाली पाणी बघायला पाइप टाकले, हा पहिलाच वर बघायला. दुर्बीण बसवायचा प्लायवूडचा ठोकळा सुतारकाकांचा, त्यांनी मजुरीचं नावच काढलं नाही. आरशावरच्या चकचकीत मुलाम्याचे, म्हणजे कोटिंगचे, पैसे हळदीची पट्टी आल्या आल्या एका शेतकरी भावानं गुरुजींच्या खिशात कोंबले, पावतीवर नाव घालू दिलं नाही, म्हणून इथंही घालत नाही. त्या नऊ जणांतली एक पोरगी आज पुण्यात फिजिक्समधे पीएच.डी. करतीय, गावाकडं आली की आधी दुर्बिणीला हात लावते मग घरी जाते. गुरुजी आता नाहीत. हेल-बॉप धूमकेतू त्यांनी 1997 ला स्वतःच्या गच्चीवरून अख्ख्या गल्लीला दाखवला होता, तिथून हे सगळं सुरू झालं.

आता दुखणं सांगतो. यंदाच्या पावसात खोलीचं छत गळलं आणि आरशाला बुरशी लागली. वर कुणीतरी चांगल्या मनानं तो गमज्यानं पुसला. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागं असतो, दुर्बिणीच्या आरशाचा पुढं असतो, उघडा, त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. आता तिथं ओरखडे आहेत आणि मधे भाकरीवरच्या डागांसारखे ठिपके. काच शाबूत आहे, गुरुजींनी दिलेला आकार शाबूत आहे, फक्त जुना मुलामा काढून अ‍ॅल्युमिनियमचा नवा द्यायचा, तो निर्वात यंत्रातच होतो म्हणून पुण्याला न्यावा लागतो.

एक गैरसमज इथंच काढतो. शनीचं कडं दिसंना म्हणून दुर्बीण गेली अशी आवई उठलीय. अहो, ते आरशामुळं नाही. दर पंधरा वर्षांनी वगैरे शनीची कडी आपल्याला एकदम काठावरून दिसतात, यंदा 2025 ला तेच झालंय, सुतासारखी रेघ. जगातल्या सगळ्यांना तशीच दिसतीय.

थोडं मनातलं बोलतो, राग मानू नका. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चंद्रयान-3 उतरलं, चौकात फटाके, पेढे, डीजे, मी पण नाचलो. दुसऱ्या दिवशी नेमका अर्धा चंद्र होता, अर्ध्या चंद्राच्या कडेला विवरांच्या सावल्या काय दिसतात! आम्ही दुर्बीण मांडून बसलो. आली अकरा लेकरं. मोठी माणसं दोन, त्यातलं एक विचारत होतं की चंद्रयानाचा विक्रम लँडर दिसतो का. (नाही दिसत, पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही.) मागच्या वर्षीच्या आवाहनाला 214 जणांच्या ग्रुपमधून हात जोडलेले 60 आले आणि पैसे चौघांचे.

आणि हे कुठं, तर जिथं औंढ्याजवळ लायगो, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, उभं राहायलंय तिथं. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2600 कोटींचा प्रकल्प, 2023 च्या एप्रिलमधे केंद्रानं मंजूर केला. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 ला दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची गुरुत्वीय लहर पकडली. आपल्याकडं लायगोचं नाव काढलं की पहिला प्रश्न, तिकडं जमिनीला काय भाव चाललाय? दुसरा प्रश्न, वॉचमनची भरती कधी? भरती होऊ द्या, आनंदच आहे. पण आपलं एखादं लेकरू आत बसून आलेख वाचणारं निघालं तर बिघडलं का? ते निघायचं तर सुरुवात आठवी-नववीतच व्हावी लागते.

7 सप्टेंबरच्या चंद्रग्रहणाला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, ढग येत-जात होते तरी 70 माणसं गच्चीवर होती. एक आजी नातवाला न्यायला म्हणून आल्या, ग्रहणात बाहेर काय करायलेत म्हणून रागावल्या, मग स्वतःच डोळा लावला. म्हणाल्या, घासायच्या राहिलेल्या तांब्याच्या कळशीवानी दिसतंय. नातू बाजूलाच, पृथ्वीची सावली समजावून सांगत होता. दुर्बिणीनं काय होतं विचारणाऱ्यांनी त्या आजींना भेटावं.

हिशेब: कोटिंग आणि ने-आण 6 हजार, गच्चीवर सरकत्या पत्र्याची खोली 48 हजार, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण (45 मीटरच्या 30 अँटेना, त्या दिवशी सगळ्यांना आत सोडतात) बघायला 40 लेकरांची बस 31 हजार, एकूण 85 हजार, जमा 11 हजार 400. क्यूआर ग्रुपवर वर पिन केलाय, रोख खजिनदारांकडं, पावती मागून घ्या. अतिवृष्टीत ज्यांचं सोयाबीन गेलं त्यांनी एक रुपया देऊ नये, फक्त लेकरं पाठवा. नोकरीवाल्यांनी आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींनी मनावर घ्यावं. लोखंड, पत्रे, वेल्डिंग, पिकअप काहीही चालेल. कोटिंगचे पैसे 25 नोव्हेंबरच्या आत पाहिजेत, कारण 13 डिसेंबरच्या रात्री मिथुनेतला उल्कावर्षाव आहे, चंद्र उशिरा उगवणार म्हणजे अंधार चांगला, आणि गुरूही तेव्हा मिथुनेतच आहे, उल्का साध्या डोळ्यांनी बघू पण त्याचे चार चंद्र दाखवायला आरसा लागणार. मृगात पेरणी करणाऱ्यांना मृग खरा कसा दिसतो तेही दाखवू, जूनमधे सूर्यच त्या बाजूला असतो म्हणून तो दिसत नाही.

येताना स्वेटर, सतरंजी आणा, मोबाइल खिशात.

आपला,
सचिव

ता.क. ग्रहणाच्या रात्री मंडळाची निळी सतरंजी कुणीतरी नेलीय. परत आणून द्या, काही विचारणार नाही.