पाण्याने जपलेला वारसा

महोदय,

आपल्या पुरवणीतील इंग्लंडच्या किल्ल्यांवरचा लेख आवडला. त्यात खंदकाने वेढलेल्या गढ्यांचा साधा उल्लेखही नाही, याची मात्र चुटपुट लागली. अशा सुमारे ६,००० जागा इंग्लंडमध्ये ज्ञात आहेत. बहुतेक १२५० ते १३५० या काळातल्या, गावोगावच्या जमीनदारांच्या. शत्रू अडवण्यापेक्षा रुबाब मिरवणे, चिकण जमिनीतले पाणी काढून देणे, मासे पाळणे हाच खंदकाचा उपयोग अधिक. केंटमधील आयटम मोटसारखे मोजके वाडे अजून उभे आहेत आणि तिथे पर्यटक जातात. बाकी बहुतेक ठिकाणी चौकोनी चर आणि मधे गवताळ उंचवटा एवढेच उरले आहे.

मी राहतो त्या बर्मिंगहॅमच्या ऐन मध्यात डी बर्मिंगहॅम घराण्याची अशीच गढी होती. १८१५-१६मध्ये ती पाडून खंदक बुजवला आणि १८१७मध्ये तिथे स्मिथफील्ड बाजार भरू लागला. याच शहरातल्या वीली कॅसल या खंदकाने वेढलेल्या गढीचे अवशेष मात्र वाचले. तिथल्या उत्खननात इ. स. १२००च्या सुमाराचे लाकडी स्वयंपाकघर सापडले. आठशे वर्षे लाकूड टिकले ते पाणथळ मातीमुळे! अशा चिखलात चामडे, बिया, परागकणसुद्धा शाबूत राहतात. मध्ययुगातला माणूस काय खात होता, काय पेरत होता, हे भिंतींपेक्षा हा गाळच जास्त सांगतो.

प्राचीन स्मारकांच्या १९७९च्या ब्रिटिश कायद्याने यातल्या कित्येक जागा संरक्षित आहेत. परवानगीशिवाय तिथे खोदकाम करता येत नाही. पण जिथे आधीपासून नांगर चालतो तिथे त्याच खोलीपर्यंत नांगरट सुरू ठेवायची मुभा आहे. शेजारच्या शेतातून चर काढून पाण्याची पातळी खाली गेली, की संरक्षित जागेला कुणी हात न लावताही आतले लाकूड कुजू लागते. नांगरटीची ही सवलत काढून शेतकऱ्याला भरपाई द्यावी आणि संरक्षणाच्या हद्दीत पाण्याचाही विचार व्हावा, असे मला ठामपणे वाटते.

आपल्याकडच्या गढ्यांचे दुखणेही याच जातीचे. बुरूज ढासळला की उरते ते नुसते टेकाड, असे समजून लोक शेतासाठी पांढरी माती उपसून नेतात आणि तिच्याबरोबर खापरे, मणी, नाणीही जातात. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उभ्या वास्तूंबरोबर अशा पडक्या गढ्यांची टेकाडेही गावनिहाय नोंदवावीत आणि सातबाऱ्यावर तशी नोंद करून घ्यावी. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

— एक वाचक, बर्मिंगहॅम, इंग्लंड