'प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक'

महोदय,

सहावी-सातवीच्या मुलांच्या मराठीच्या वह्या पाहिल्या, की 'स्वभावचित्रण करा' या प्रश्नाखाली ठरलेली तीन विशेषणे दिसतात: प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक. पात्र कोणतेही असो! ही गाइडची कृपा.

चांगला लेखक 'आजोबा कंजूस होते' असे क्वचितच सांगतो. लग्नपत्रिकेची कोरी बाजू कापून आजोबा तिच्यावर दुधाचा हिशेब लिहितात, एवढेच तो दाखवतो. बाकीचे वाचणाऱ्याने ओळखायचे. तसेच बोलण्याचे. एखादे पात्र 'काय करूलास रे?' म्हणाले, की आपल्या खानापूर-बेळगावच्या मुलांना त्याचे गाव सांगावे लागत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत'मधले बेळगावचे रावसाहेब आठवा. ती कथा नव्हे, व्यक्तिचित्र. पण माणूस उभा राहतो तो त्याच्या कानडी वळणाच्या मराठीतूनच.

मुलांना हमखास चकवते ती गोष्ट वेगळीच. शेजारीण 'ती सून फार गर्विष्ठ' म्हणते आणि मुले ते जसेच्या तसे उत्तरात उतरवतात. त्या वाक्यातून सुनेपेक्षा शेजारणीचाच स्वभाव अधिक कळत असेल, हे त्यांना कुणी विचारायलाच लावत नाही. पात्र मनात एक आणि तोंडाने दुसरेच बोलते, तिथेही असाच घोटाळा होतो.

शिक्षकांना विनंती, की विशेषणाला अर्धाच गुण द्यावा. उरलेला अर्धा, ते धड्यातल्या कोणत्या कृतीवरून किंवा संवादावरून कळले, हे लिहिणाऱ्याला. आपल्या भागातल्या मराठी शाळांनी येत्या घटक चाचणीपासूनच हे सुरू करावे.

— एक निवृत्त शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)