मावा पकडला, पण तपासला काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की धुळे-जळगावात मिठाईच्या माव्यावर (खव्यावर) छापे पडतात, जप्त मालाचे फोटो छापून येतात. नमुन्यांचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी विचारत नाही. अन्न सुरक्षा कायद्याने अन्न विश्लेषकाला, म्हणजे नमुना तपासणाऱ्या तज्ज्ञाला, अहवालासाठी १४ दिवस दिलेत. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी घेतलेल्या नमुन्याचा अहवाल अगदी वेळेत आला, तरी तोवर तुळशीची लग्ने लागायला आलेली असतात. मावा पोटात जाऊन पचलेला, किंवा न पचलेला.

दुसरी गोष्ट बरणीची. नमुन्याचे चार भाग करून दर २५ ग्रॅमला फॉर्मालिन या टिकवणाऱ्या रसायनाचे दोन थेंब टाकतात. नमुना टिकतो, स्टार्च, वनस्पती तूप, कमी स्निग्धांश हे सगळे त्यात सापडते. पण फॉर्मालिनने जंतूही मरतात. मावा नासका वा दूषित होता का, हे त्या बरणीतून कळणार कसे? त्यासाठी निर्जंतुक डबा हवा, फॉर्मालिन नको, आणि बर्फाच्या पेटीतून नमुना थेट प्रयोगशाळेत पोचायला हवा. पेटी नसेल तर जंतू वाटेतच वाढतात आणि विक्रेत्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

चांगला मावा तळहातावर चोळला की तूप सुटते. जुना चिकटतो, आंबूस वास मारतो, भेगांत हिरवट बुरशी दिसते. ती खरवडून, साखर-वेलची घालून परतला की पेढा तयार! परतल्याने जंतू मरतील. पण स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूने आधीच सोडलेले विष उष्णतेने जात नाही. एकदा पेढा झाला की नाकालाही पत्ता लागत नाही.

म्हणून तपासणी मिठाईच्या काउंटरवर नको, माल उतरतो तिथे हवी: सुरत महामार्गावर गुजरातच्या सीमेवरील नवापूरला, पहाटेच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत. तीही सणाच्या तीन आठवडे आधीपासून.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची केली होती. ती बघायला ना प्रयोगशाळा लागते, ना १४ दिवस. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकालाही फी भरून नमुना तपासून घेता येतो. ही फी किती आणि नमुना द्यायचा कुठे, एवढे तरी प्रशासनाने दुकानांतल्या फलकावर लिहायला लावावे.

– एक वाचक, अमळनेर