मीटरचा फ्यूज

चिपळूण

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पडलेला होता. मल्टिमीटरचा फ्यूज उडवलास म्हणून वर्कशॉपमधली पोरं हसली, एवढंच ना? मीटर सिरीजमध्ये, म्हणजे सगळा करंट त्यातूनच जाईल असा, लावलेला असताना चावी फिरवलीस. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, १५०-२०० अँपिअर ओढतो, तुझ्या मीटरची झेप १० ची. उडणारच. मी शिकताना अख्खा मीटर जाळला होता आणि तुझ्या आजोबांना सांगितलं, हरवला.

आता त्या गाडीचं. रात्रीत बॅटरी बसते आणि बॅटरी नवी आहे, म्हणजे करंट कुठेतरी झिरपतोय. तू एकेक फ्यूज उपसत बसलीस, तिथे फसलीस. हल्लीच्या गाडीत फ्यूज काढून परत घातला की झोपलेलं मोड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, जागं होतं आणि आकडा उड्या मारतो. आधी फ्यूज बॉक्सचं झाकण काढून ठेव. दार उघडंच राहू दे, पण त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बसव. गाडीला वाटलं पाहिजे, दार लागलंय. बॉनेटच्या लॉकचंही तसंच. चावी लांब ठेव आणि अर्धा तास चहाला जा. खरंच जा. लगेच मोजलंस तर अँपिअरमध्ये आकडे दिसतील आणि उगाच घाबरशील. सगळं झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर चिंता नाही. जास्त असेल तर फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट बघ. बहुतेकांवर शून्य येईल. जिथे आकडा ठळक दिसेल, त्या लाइनीत चोर.

आणि तार जोडलेली आहे असं सांगणाऱ्या मीटरच्या ‘टीं’ आवाजावर भाळू नकोस. जुलै २०२१ च्या पुरानंतर आपल्याकडे एक पिकअप आली होती, आठवतं? सेल्फ नुसता कटकट करायचा. मी अर्थिंगची वायर मीटरला लावली, छान टीं वाजलं. वायर ठीक, मग सेल्फच गेला असणार, म्हणून नवा बसवला. आठ दिवसांनी गाडी दोरीला बांधून परत. तेव्हा कुठे डोकं चाललं. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या लोखंडावर, आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितला. मीटरवर १.८ व्होल्ट! तिथे ०.२ च्या वर जायला नको. वायर कापली तर आत हिरवा भुगा, चार-पाच तारा जेमतेम शाबूत. टीं वाजायला तेवढ्या पुरतात. साकवावरून माणूस जातो म्हणून त्यावर ट्रक घालशील का? तसंच ते. तेव्हापासून भार चालू असतानाच मोजायचं, हे मी पाळतो.

त्या माणसाला सेल्फचे पैसे परत दिले. आई आठवडाभर बोलली नाही. त्याचा जुना सेल्फ अजून बाकाखाली आहे. उघडून बघितला, आतले घासून झिजणारे कार्बन अर्धे शिल्लक होते. म्हणजे तो धडच होता.

स्कॅनर मिळत नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. तो बिघाडाचा कोड सांगतो, तार दाखवत नाही.

शेजारच्या काकू शनिवारी पुण्याला येतायत. लाडवांच्या डब्यात वरच्या कागदात मीटरचे दोन फ्यूज आहेत, सिरॅमिकचे. तोच आकडा, तीच लांबी बघून घाल. कुणी तार गुंडाळून दे म्हणालं तरी देऊ नकोस, आमच्याकडचे निम्मे जळके मीटर त्याच उस्तादीचे आहेत. डबा परत पाठव, आईचा आहे.

तुझा,
बाबा