डबी टेबलावरच राहिली

चिऊ,

सकाळी गाडी सुटताना नीट बोलायचं होतं आणि मी परत कानांवरच घसरलो, सॉरी. तू चिडून इयरप्लगची डबी ठेवून गेलीस, ती अजून टेबलावरच आहे, आई उचलू देत नाहीये.

आता त्यावर लिहिणार नाही. पहिली टूर, तीही ड्रम्सवर, म्हणून लिहायला बसलोय. तुझ्या वयात मी आणि बंड्याकाकाने रामोन्स या पंक रॉक बँडच्या पहिल्या अल्बमची कॅसेट अक्षरशः झिजवली होती, १९७६ चा अल्बम, १४ गाणी आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात, कॉर्ड मोजकेच. ऐकून वाटलं हे आपल्यालाही जमेल, आणि पंकमध्ये ते जमतंच, कुणाला विचारावं लागत नाही. मग काय, त्या एवढ्याशा खोलीत अ‍ॅम्प फुल करून वाजवायचो, काकाच्या ड्रम्सची ती पितळी थाळी, सिम्बल, बरोब्बर माझ्या डाव्या कानाशी. घरी आल्यावर कानात शीळ वाजायची, आम्हाला ते बक्षीस वाटायचं. सकाळपर्यंत जायची. एका सकाळी गेली नाही.

तू लहानपणी कानात गुपित सांगायला यायचीस आणि मी तुला उजव्या बाजूला घ्यायचो, आठवतं? तुला तो खेळ वाटायचा.

बघ, आलोच परत तिथे. पण ८५ डेसिबलच्या आवाजात कानाला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० ला फक्त १५ मिनिटं. तुमचा सेट ४० मिनिटांचा आहे चिऊ, आणि कानातल्या त्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. फोमच्या प्लगने सगळं दबकं ऐकू येतं हे तुझं बरोबर आहे, म्हणून फिल्टरवाले आणले होते, त्यात आवाज कमी होतो पण सिम्बल सिम्बलसारखंच वाजतं. पुरे. लेक्चर झालं, माफ कर.

परवा रिहर्सलला मी दाराबाहेर उभा होतो, तुला सांगितलं नाही. चौथ्या गाण्यात तुझी काठी उडाली, तू एका हाताने ताल धरून ठेवलास आणि दुसरी काठी काढलीस, बाकीच्यांना कळलंसुद्धा नाही. बंड्याकाका हवा होता गं तेव्हा.

काठ्यांच्या बॅगेत बाहेरच्या कप्प्यात अजून एक जोडी आहे, काल रात्रीच ठेवली होती. पोचलीस की मेसेज नको, फोन कर.

बाबा